नमस्कार, भाषा निवडा

१

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, सात माणसांच्या डोळ्यांदेखत, देवीदासभाऊंच्या फोनमधलं होतं नव्हतं ते सगळं पुसलं गेलं. त्या सातांपैकी एकाचाही हात त्या फोनला लागलेला नव्हता.

पयोष्णी फळे-भाजी उत्पादक कंपनीच्या अमरावतीच्या कचेरीत दर सोमवारी बैठक भरते. अध्यक्ष पंजाबराव यांचा एक नियम आहे. दारात वेताचं डालगं ठेवलेलं असतं. ज्याने त्याने आपला फोन त्यात टाकायचा आणि मगच आत यायचं. त्या दिवशी डालग्यातून एकच फोन पुन्हा बाहेर आला, कारण देवीदासभाऊंना काहीतरी दाखवायचं होतं.

विषय तापलेलाच होता. चांदूर बाजारच्या केंद्रावरून गेलेला अठरा टन संत्रा अकोल्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पाच दिवसांत सडला होता. कोल्ड स्टोरेज सांभाळणारे गोपालराव म्हणत होते की माल आला तेव्हाच ओला होता. तपासणी पाहणाऱ्या करिश्माचा अहवालही तसाच होता. माल पारखून घेणारा माणूस म्हणजे केंद्रप्रमुख देवीदासभाऊ. तेव्हा दोष त्यांचा, आणि ज्या एकतीस घरांचा तो संत्रा होता त्यांचा.

"माल चांगला होता," देवीदासभाऊ उभे राहून म्हणाले. "मशीन बंद होती. शुक्रवारी मी सोता अकोल्याले गेलो, फोटो काढले. आता मोठ्या पडद्यावर दाखवतो. शालिकराम, तुमचं वायफाय लावू द्या बा."

कारकून शालिकरामने जागेवरूनच वायफायचा पासवर्ड सांगितला. देवीदासभाऊंनी जाड बोटांनी तो एकेक अक्षर करून टाकला. फोनच्या तोंडावर त्यांच्या शेवंतीच्या वावराचा पिवळा फोटो होता. तो दिसेनासा झाला. काळं पडलं, एक गोल फिरू लागला, बराच वेळ फिरत राहिला. मग पांढरा पडदा आला. त्यावर लिहिलं होतं: नमस्कार. भाषा निवडा.

दुकानातून आजच आणलेला फोन असा दिसतो.

"हे काय नाटक आहे, देवीदास?" पंजाबराव म्हणाले.

देवीदासभाऊ फोन उलटासुलटा करून पाहत राहिले. बावन्न वर्षांचा माणूस, उन्हात भाजलेला. त्यांची मान हळूहळू लाल होत गेली. "माह्याजवळ होते फोटो," ते म्हणाले. "चार होते."

"फोटो होतेच, असं गृहीत धरू," गोपालराव शांतपणे म्हणाले. पुण्यात शिकून आल्यापासून ते असंच बोलत. "पण मग ते नेमके आत्ताच जावेत?"

पंजाबरावांनी मान वळवली. "का वं पोरी, तुह्या त्या मेलनं हे केलं का?"

ही पोरगी म्हणजे प्राजक्ता. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., वय चोवीस, कंपनीची मेल सगळ्यांच्या फोनवर चालू करून देण्यासाठी सहा महिन्यांच्या करारावर घेतलेली. तो पांढरा पडदा तिने ओळखला होता. हा बिघाड नव्हता. फोन जेव्हा असा धुऊन निघतो तेव्हा कुणीतरी त्याला तसा हुकूम दिलेला असतो. आणि तो हुकूम फोनने मानायचा, ही परवानगी ऑक्टोबर महिन्यात स्वतः प्राजक्ताच्या बोटाने दिली होती.

२

त्रेसष्ट फोन होते. कुणाचा जुना, कुणाचा काच तडकलेला, कुणाचा मुलीने टाकून दिलेला. प्रत्येकाची खोडी वेगळी. कुठे मेल यायची पण जायची नाही, कुठे दर तासाला पासवर्ड मागायची, कुठे बॅटरी दुपारपर्यंत खलास. प्राजक्ताने तीन आठवडे केंद्रोकेंद्री बसून ते जमवलं होतं. आणि प्रत्येक फोनवर एक पडदा येत असे, इंग्रजीत, बारीक अक्षरांत: हा फोन संपूर्ण पुसण्याचा अधिकार कंपनीला द्या. तिथे हो म्हटल्याशिवाय मेल सुरूच होत नसे.

समोरचा माणूस विचारायचा, "हे काय म्हणते ताई?" मागे वीस जणांची रांग असायची. ती म्हणायची, "काही नाही, परवानगी आहे," आणि स्वतःच दाबायची.

त्रेसष्ट वेळा.

नंतर तिने पंजाबरावांना लेखी दिलं होतं की पुसायचंच असेल तर फक्त कंपनीची मेल पुसावी, माणसाचं खाजगी पुसू नये. ते म्हणाले होते, "फोन चोरीले गेला तं? राहू दे तसंच." कागद कुठल्याशा फायलीत गेला. आज तिला त्या कागदाचा राग आला, पंजाबरावांचा आला, आणि सगळ्यात जास्त आपल्या त्या दाबणाऱ्या बोटाचा.

बैठक मोडल्यावर तिने मेलच्या यंत्रणेतल्या नोंदी उघडल्या. फोन पुसण्याचा हुकूम दोन ठिकाणांहून देता येतो. एक प्राजक्ताच्या खात्यातून, आणि दुसरा ज्याचा फोन त्याच्या स्वतःच्या खात्यातून. फोन हरवला तर माणसाने कुठल्याही कॉम्प्युटरवर आपली मेल उघडावी आणि तिथलं बटण दाबावं, अशी ती सोय आहे.

पंजाबराव तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. पडद्यावरची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली. हुकूम पूर्ण: सोमवार, दहा वीस. हुकूम देणारा: देवीदास.

"म्हणजे त्यानंच पुसला," ते म्हणाले. "फोटो कधी नव्हतेच. अन् मी इथं अर्धा तास त्याचं ऐकून घेतलं." दारातून बाहेर जाता जाता त्यांनी शालिकरामला सांगितलं, "कामावरून कमी केल्याचं पत्र टाइप कर. बुधवारी बारा वाजता सही करतो. अन् त्या एकतीस घराईचा माल यापुढं घ्यायचा नाही, हे बी त्यातच लिही."

प्राजक्ता तशीच बसून राहिली. मग तिने ती ओळ उजवीकडे सरकवली. पंजाबरावांच्या घाईत शेवटचा रकाना कुणी पाहिलाच नव्हता.

हुकूम दिल्याची वेळ: शनिवार, दुपारी चार बारा.

सगळे सोमवारचा विचार करत होते. सोमवारी फक्त फोनने हुकूम ऐकला. दिला होता तो दोन दिवस आधी.

३

चांदूर बाजारच्या केंद्रावर देवीदासभाऊ रिकाम्या क्रेटवर बसले होते. समोर चहा गार झालेला. त्यांची आई पार्बताबाई शेजारी शेवंतीचे हार ओवत होती. तिने प्राजक्ताकडे पाहिलंही नाही.

"ये, बस," देवीदासभाऊ म्हणाले. "तू तं आता चौकशीले आली असशील."

"तुमच्याविरुद्ध नाही आली, भाऊ."

"मंग कोनासाठी आली? ह्या फोनात तूच तं टाकलं होतं ते."

"माह्या पोराचा फोन सारा कोरा केला," पार्बताबाई सुई थांबवून म्हणाली. "अन् आता इचारायले आली. काहून वं, तुले कोनं सांगतलं होतं बटन दाबायले?"

प्राजक्ताने वही उघडली. "शनिवारी दुपारी चार वाजता तुम्ही कुठं होते?"

"सेमाडोहले. बहीण राहते तिथं, मैनाबाई. जंगलाच्या नाक्यावरच्या वहीत पाहून घे, गाडीचा नंबर, टाइम, सारं लिहून घेते थे. शनिवारी दीडले आत गेलो, रविवारी बाराले बाहेर आलो. तिथं तं रेंजच नसते. टॉवर आहे, तो बंदच राहते."

"आणि रविवारी घरी आल्यावर? तेव्हा रेंज होती ना?"

"होती. पन मी नेट बंदच ठेवतो. फोन गरम होते लय. कामापुरतं सुरू करतो."

प्राजक्ताने पेन थांबवलं. म्हणजे शनिवारपासून हुकूम हवेत लटकत राहिला होता. फोन नेटवर आला की तो लागू होणार. आणि देवीदासभाऊंनी नेट सुरू केलं ते थेट सोमवारी, सगळ्यांसमोर, फोटो दाखवायला. ज्याने हुकूम दिला त्यालाही हे ठाऊक नसेल. त्याला वाटलं असेल, शनिवारीच काम होऊन जाईल.

"शुक्रवारी नेट सुरू होतं?"

"अकोल्याले होतं, त्याईच्या वायफायवर. करिश्माताई त्या दिवशी तिथं नव्हती, तिले फोटो पाठवून राहिलो होतो ना. तं फोन मधातच नवा पासवर्ड मागे. पंचेचाळीस दिवस झाले म्हने. मंग टाकून घेतला. तरी बी जाईना, नुसता गोल फिरून राहिला. म्हटलं मरू दे, सोमवारी सोता दाखवतो."

पासवर्ड टाकून घेतला म्हणजे शालिकरामकडून, हे प्राजक्ताने गृहीत धरलं. कंपनीत सगळे शालिकरामकडूनच टाकून घेत. इंग्रजी अक्षरं, एक आकडा, एक चिन्ह, हे कुणाच्या लक्षात राहणार? शालिकरामजवळ त्यासाठी लाल बांधणीची एक वहीच होती. त्रेसष्ट माणसांचे त्रेसष्ट पासवर्ड, त्याच्या टेबलाच्या खणात. खणाला कुलूप नव्हतं.

आणि दुसऱ्या शनिवारची सुट्टी असूनही त्या दिवशी अमरावतीच्या कचेरीत एक माणूस कामाला आला होता. शालिकराम.

४

"हो, आलो होतो," शालिकराम म्हणाला. "हजेरीपत्रक राहिलं होतं. सुट्टीच्या दिवशी शांतता असते. गुन्हा आहे का?"

"चार वाजता इथं होतात?"

"पाचपर्यंत होतो."

"वही दाखवा."

त्याने ती टेबलावर आपटलीच. "घ्या. सारी कंपनी माह्या जिवावर मेल पाहते अन् आता मीच चोर. दर दीड महिन्याले नवा पासवर्ड पायजे, हा नियम कोणाचा? तुमचा. लोकाईच्या ध्यानात राहत नाही तं ते कोणाजवळ येते? माह्याजवळ. मले यासाठी कोणी नमस्कार बी करत नाही."

प्राजक्ताने देवीदासभाऊंचं पान काढलं. शालिकरामचं अक्षर मोत्यासारखं. पासवर्डपुढे तारीख होती, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली.

"याच्यानंतरचा?"

"याच्यानंतर बदललाच नाही त्यानं. बदलला असता तर माह्याजवळ आला असता ना."

प्राजक्ता आपल्या टेबलाशी परत गेली. नोंदी सांगत होत्या की देवीदासभाऊंचा पासवर्ड शुक्रवारी दुपारी बारा पाचला बदलला गेला होता, त्यांच्याच फोनवरून. वहीत तो नव्हता. शालिकरामला तो माहीतच नव्हता.

आता शनिवार. कुणीतरी कंपनीच्या कॉम्प्युटरवरून देवीदासभाऊंची मेल उघडली होती. कुठला कॉम्प्युटर ते कळत नव्हतं. अमरावती, अकोला, चांदूर बाजार, तिन्ही ठिकाणचं इंटरनेट एकाच वाटेने बाहेर पडे आणि नोंदीत पत्ता एकच येई. पण एक गोष्ट तिथे नव्हती, आणि जे नाही तेही मोजायला ती शिकली होती. चुकीचा प्रयत्न एकही नव्हता. लाल वही घेऊन बसलेल्या माणसाने आधी जुना पासवर्ड टाकला असता आणि यंत्रणेने तो नाकारला असता. तशी नोंद राहते. इथे पहिल्याच वेळी दार उघडलं होतं.

म्हणजे शालिकराम नाही. वही चाळणारा दुसरा कुणीही नाही. नवा पासवर्ड ज्याला माहीत होता तोच.

आणि नवा पासवर्ड कुणाला माहीत असतो? ज्याचा असतो त्याला.

तिने एका माणसाला सोडवलं होतं आणि देवीदासभाऊंच्या गळ्यातला फास आणखी आवळला होता. ते स्वतः सेमाडोहला होते हे नाक्याची वही सांगेल. पण पंजाबराव म्हणतील, सांगितलं असेल कुणाला तरी, माझा फोन पुसून टाक म्हणून. बाजूच्या खोलीत शालिकरामचा टाइप करण्याचा आवाज येत होता. तो पत्र टाइप करत होता.

५

मंगळवारी सकाळी ती अकोल्याच्या एसटीत बसली. मूर्तिजापूर येईपर्यंत तिने नोंदींचे कागद तीनदा वाचले. शेजारच्या बाईने विचारलं, "परीक्षा आहे का बाई?" ती हो म्हणाली.

कोल्ड स्टोरेजच्या आवारात अजून सडक्या संत्र्याचा आंबूस वास होता. करिश्मा दारातच भेटली. दोघी एकाच वयाच्या, एरवी डबा वाटून खाणाऱ्या. आज करिश्मा कपाळाला आठ्या घालून होती.

"माझ्या अहवालावर बोट ठेवू नको," ती म्हणाली. "फळ मी तपासलं तेव्हा सडलेलंच होतं. का सडलं ते मी तापमानाच्या तक्त्यावरून लिहिलं. तक्त्यात मशीन नीट होती, म्हणून माल ओला असणार, असं लिहिलं."

"तक्ता कोण भरतं?"

"गोपालराव. काट्याच्या खालीच अडकवलेला असतो. दर तासाला काटा पाहून लिहायचं."

तिने मागच्या आठवड्याचा तक्ता आणून दिला. प्राजक्ताने तो खिडकीपाशी नेला. पाच अंश. पाच अंश. पाच अंश. सहा दिवस, दर तासाला, पाच पूर्णांक शून्य. प्रयोगशाळेत दोन वर्षं तापमान मोजून तिची बोटं झिजली होती. दार उघडतं, माणसं आतबाहेर करतात, काटा थोडा तरी हलतो. खरं मोजमाप कधी इतकं शहाण्यासारखं वागत नाही.

"मागच्या बुधवारी इथली मेल बंद होती. वीज गेली होती ना?"

"तीन तास," करिश्मा म्हणाली. मग ती त्या कागदाकडे पाहू लागली. त्या तीन तासांतही पाच पूर्णांक शून्य होतं. तिच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या आणि चेहरा पांढरा पडला. "मी हे पाहायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

गोपालरावांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. "तू विज्ञानाची मुलगी आहेस, प्राजक्ता. तुला सांगायला नको. आपल्या लोकांना फोन वापरता येत नाहीत. काहीतरी दाबतात आणि मग दुसऱ्यावर ढकलतात."

"शनिवारी चार वाजता तुम्ही इथंच होतात?"

"इथेच. करिश्माही होती, आणखी चौघे होते. या एका कॉम्प्युटरवर सगळेच बसतात." ते हसले. "आणि पासवर्डचं म्हणशील तर सगळ्यांचेच शालिकरामच्या वहीत असतात. ती वही कुणीही पाहावी. सगळ्या कंपनीला माहीत आहे."

प्राजक्ता उठली. पासवर्डचा शब्दही तिने अजून काढला नव्हता.

आवारातल्या निंबाखाली येऊन तिने देवीदासभाऊंना फोन लावला. त्यांनी जुना बटणांचा फोन शोधून काढला होता.

"भाऊ, शुक्रवारी नवा पासवर्ड कोणाकडून टाकून घेतला?"

"गोपालरावकडून. तेच होते ना समोर. म्हटलं, साहेब, हे इंग्रजी काय मागते पाहा बरं. त्याईनं टाकून देल्ला, पटकन."

"आणि काय टाकला?"

"मले काय माहीत?"

"म्हणजे तुम्हाला तुमचा पासवर्ड माहीत नाही?"

"मले कायले पायजे थो," देवीदासभाऊ वैतागून म्हणाले. "फोनले माहीत होता ना."

ऑक्टोबरमध्ये तिने केलं तेच होतं हे. रांगेतल्या माणसाच्या हातातून फोन घ्यायचा, त्याला न कळणारं काहीतरी दाबायचं आणि परत द्यायचा. माणूस धन्यवाद म्हणून निघून जातो. गोपालरावांनी फक्त दाबलेलं लक्षात ठेवलं होतं.

पण हे देवीदासभाऊंचं तोंडचं बोलणं होतं. गोपालराव नाही म्हणतील. एकाचा शब्द दुसऱ्याविरुद्ध, आणि पंजाबराव कुणाचा शब्द घेतील हे तिला माहीत होतं.

"भाऊ, ती मेल. जी फिरत राहिली. त्यात फोटो जोडून झाले होते?"

"चारी जोडले होते. पन गेलीच नाही ना बाई. गेली नाही तं आता काय कामाची?"

सगळे फोनच्या मागे लागले होते. फोनमध्ये होतं ते गेलं, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. प्राजक्ता निंबाच्या मुळावर बसली आणि तिने लॅपटॉप उघडला. फोनवर लिहिलेली अर्धवट मेल फक्त फोनवर राहू नये, कंपनीच्या सर्व्हरवरही तिचा मसुदा राहावा, ही जोडणी तिनेच करून ठेवली होती. केंद्रावरची माणसं लिहिता लिहिता फोन खिशात टाकत, म्हणून.

"तुमची मेल उघडून पाहू का?" तिने विचारलं. "तुम्ही हो म्हणाले तरच."

"उघड," देवीदासभाऊ म्हणाले.

मसुद्यांचा कप्पा रिकामा होता. पुसलेल्या मेलचा कप्पाही रिकामा होता. पण पुसलेलं पुन्हा पुसलं तरी सर्व्हर ते चौदा दिवस जपून ठेवतो, एका अशा जागी जिथे रोजच्या माणसाचं लक्ष जात नाही. तिने ती जागा उघडली.

तिथे एकच मेल होती. शनिवारी दुपारी चार नऊला पुसलेली. फोन पुसण्याचा हुकूम देण्याच्या तीन मिनिटं आधी.

६

बुधवारी साडेअकराला डालगं पुन्हा दारात होतं. पत्र पंजाबरावांसमोर होतं, त्यावर पेन आडवं ठेवलेलं. देवीदासभाऊ भिंतीला टेकून उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"पाच मिनिटं," पंजाबराव प्राजक्ताला म्हणाले.

तिने देवीदासभाऊंना कोरा कागद दिला. "तुमच्या मेलचा पासवर्ड लिहा."

"सांगतलं ना, मले माहीत नाही."

"नाटक," गोपालराव पुटपुटले.

"शनिवारी ज्याने यांच्या खात्यातून हुकूम दिला, त्याला तो पहिल्या फटक्यात लिहिता आला," प्राजक्ता म्हणाली. "वहीत जुना आहे. नवा शुक्रवारी दुपारी बारा पाचला अकोल्यात टाकला गेला. गोपालराव, तुम्ही टाकून दिला."

"मी? मी कशाला टाकू? पुरावा काय?"

"पुरावा दाखवते," प्राजक्ता म्हणाली. "ज्यानं फोन पुसला त्यानं त्याच्याआधी तीन मिनिटं एक मसुदा पुसला. फक्त तेवढाच. या माणसाच्या खात्यात चारशे मेल आहेत, त्यातली एकच त्याला नको होती. ती कोणाला नको होती ते पाहू."

मोठ्या पडद्यावर मेल उघडली. देवीदासभाऊंनी बोलून टाइप केलेली, बिनाविरामचिन्हांची एक ओळ: करिश्माताई मशीन बंद आहे काटा एकवीसवर आहे फोटो पाहा. खाली चार फोटो. प्राजक्ताने तिसरा मोठा केला.

तापमानाचा गोल काटा एकवीसवर होता. फोटोच्या माहितीत वेळ होती, शुक्रवार, अकरा चाळीस.

"काटा बिघडलेला असू शकतो," गोपालराव म्हणाले.

"काट्याखाली पाहा," प्राजक्ता म्हणाली.

काट्याच्या खाली तक्ता अडकवलेला होता. तिने फोटो आणखी मोठा केला. शुक्रवारच्या रकान्यात पाच पूर्णांक शून्य. बाराच्या पुढे पाच. एकच्या पुढे पाच. दोन, तीन, चार, पाच, सहा, सगळ्या तासांपुढे पाचच.

पहिली बोलली ती करिश्मा. "फोटो अकरा चाळीसचा आहे," ती सावकाश म्हणाली. "आणि संध्याकाळी सहाचं तापमान आधीच लिहून ठेवलंय."

पंजाबरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "गोपाल?"

गोपालरावांचं पुण्याचं बोलणं पहिल्यांदाच सुटलं. "दर सोमवारी कोण म्हणे, लाइटचं बिल जास्त येऊन राहिलं, बिल जास्त येऊन राहिलं? इथंच बसून, याच खुर्चीत. मंग मी काय करू? दिवसा चार तास मशीन बंद ठेवली तर संत्र्याले काही होत नाही, असं वाटलं मले. झालं. अन् तो फोटो जर इथं दिसला असता तर तुम्ही मले ठेवलं असतं?"

"मले तं तुमी ठेवतच नव्हते," देवीदासभाऊ भिंतीपाशी उभे राहून म्हणाले. "माह्यासाठी तं कागदच तयार आहे."

पंजाबरावांचं लक्ष समोरच्या पत्राकडे गेलं. त्यांनी ते उचललं, घडी घातली, पण फाडलं नाही. घडी घातलेला कागद घेऊन काय करावं हे त्यांना कळत नसावं. "गोपाल, चाव्या शालिकरामजवळ दे अन् घरी जा," ते शेवटी म्हणाले. मग घसा साफ केला. "देवीदास, झालं गेलं. घरातली गोष्ट आहे. तू आपला उद्यापासून केंद्रावर ये."

"मी उद्या येतो," देवीदासभाऊ म्हणाले. "पन तुमी बी या. त्या एकतीस घराईले मी सोमवारी सांगतलं का तुमचा माल सडका ठरला. आता तुमी येऊन सांगा का माल चांगला होता. केंद्रावर, साऱ्याईसमोर. माह्या मायसमोर. मले एकट्याले सांगून काय होते?"

"पाहू," पंजाबराव म्हणाले.

"पाहू नका. या."

प्राजक्ताने पडद्यावरचा फोटो बंद केला नाही. पंजाबरावांना त्या तक्त्याच्या समोरच बसून उत्तर द्यावं लागलं. ते म्हणाले, "येतो."

७

ते आले, हे सांगितलं पाहिजे. गुरुवारी सकाळी, क्रेटच्या राशीसमोर उभे राहून बोलले, फार कमी बोलले, पण जे बोलायचं होतं ते बोलले. पार्बताबाई हार ओवत राहिली. तिने ऐकलं की नाही ते कळलं नाही, पण सुई थांबली होती.

लोक पांगल्यावर प्राजक्ता देवीदासभाऊंच्या शेजारच्या क्रेटवर बसली. कंपनीची मेल पुन्हा सुरू करून द्यायची होती. ती हात पुढे करणार, एवढ्यात देवीदासभाऊंनी फोन आपल्या हातातच धरला.

"तू वाच," ते म्हणाले. "मराठीत. दाबतो मी."

तिने एकेक पडदा वाचून दाखवला. ते ऐकायचे, मान हलवायचे आणि जाड बोटाने दाबायचे. नवा पासवर्ड त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवून टाकला. त्याला सात मिनिटं लागली.

मग तो पडदा आला.

"हा फोन संपूर्ण पुसण्याचा अधिकार कंपनीला द्या," प्राजक्ताने वाचलं. या वेळी सगळं वाचलं, बारीक अक्षरांसकट.

"नाही म्हटलं तं?"

"मेल सुरू होणार नाही. मी पुन्हा लेखी दिलं आहे. हे बदलेपर्यंत नाही होणार."

देवीदासभाऊंनी विचार केला. "फोटो तं निघते ना?"

"निघतात."

त्यांनी 'नाही'वर बोट ठेवलं, फोन खिशात टाकला आणि ते क्रेट उचलायला उठले. प्राजक्ताने आपली त्रेसष्ट नावांची यादी काढली. उरलेल्या बासष्टांना तो पडदा अजून कुणी वाचून दाखवलेला नव्हता. तिने पहिलं नाव पाहिलं. बुधाजी, मोझरी केंद्र. एसटी पावणेबाराची होती.